रुमालाखालची बोटं आणि लेकीची डिग्री

पत्र

ताई, नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी २२ वर्षं दिवाणजी आहे. थोरली लेक बारावी सायन्सला. गणितात बरी, मराठीत वर्गात पहिली, आणि कॉम्प्युटरपुढे बसली की रात्रीचे बारा वाजवते. माझी आई जत भागातली, घरात कानडीच बोलते, त्यामुळं लेकीलाही कानडी येतं. आता हिच्या डोक्यात नवीनच भरलंय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 'सिम्बॉलिक सिस्टिम्स' नावाची डिग्री असते म्हणे. मन, भाषा आणि कॉम्प्युटर सगळं एकत्र. 'मला हेच शिकायचंय' म्हणून बसलीय. मेहुणे म्हणतात, सरळ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला टाका, हे म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. अमेरिकेची आपली ऐपत नाही. शिक्षणकर्ज आठ-दहा लाखांपर्यंत ओढीन. हे खूळ आहे की यात खरंच काही आहे? तिला अडवू की जाऊ देऊ?
— एक बाप, सांगली

उत्तर

भाऊ, नमस्कार.

पत्र वाचून आधी हसू आलं, ते लेकीचं नव्हे, तुमचं. मन, भाषा आणि हिशेब यांचा एकमेकांशी संबंध काय, असं विचारताय, आणि बसताय कुठं, तर मार्केट यार्डात!

तुमच्या दुकानात नाहीतर शेजारच्या गाळ्यात सत्तरी गाठलेला एखादा हमाल किंवा तोलाईदार असेल. त्याला विचारा, रुमालाखालचा सौदा कसा व्हायचा. उघड लिलाव रूढ व्हायच्या आधी अडत बाजारांत ही रीत ठिकठिकाणी होती. माल समोर ओतलेला, भोवती दहा माणसं, आणि दोन हात एका रुमालाखाली. एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच. त्यापुढच्या खुणा बाजारागणिक निराळ्या. तोंडातून अवाक्षर नाही. खेटून उभ्या माणसालाही भावाचा पत्ता लागायचा नाही.

यातली गंमत बघा. एक बोट धरलं म्हणजे 'एक'. पण एक काय? शंभर, हजार, की दहा हजार? ते बोट सांगत नाही. ते दोघांच्या डोक्यात आधीपासून असतं. कालचा भाव, पोत्यातल्या कांडीचा रंग, समोरचा अडलेला आहे की मुरलेला. खूण एवढीशी आणि अर्थ केवढा तरी, मधली दरी डोकं भरून काढतं. हाच सौदा यंत्राला शिकवायचा म्हटला तर बोटं मोजायला शिकवणं हे एका दुपारचं काम आहे. 'आज बाजार कसा आहे' हे शिकवायला मात्र माणसांची अख्खी कारकीर्द जाते.

लेक ज्या डिग्रीचं नाव घेते, ती या मधल्या दरीचा अभ्यास करते. खुणा म्हणजे भाषा. त्यांचा अर्थ लावतं ते मन. आणि अर्थ लावण्याचे नियम इतके नेमके लिहून काढायचे की यंत्रालाही ते पाळता यावेत, हे झालं कॉम्प्युटिंग. मेहुण्यांना या तीन चिंध्या दिसतात, कारण आपल्या कॉलेजांत त्या तीन वेगळ्या इमारतींत ठेवलेल्या असतात.

'सिम्बॉलिक सिस्टिम्स' ही डिग्री स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ पासून आहे. तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, मानसशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स मिळून ती बनते. इतरत्र या कुळाला बहुतेक ठिकाणी कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात. मराठीत कुणी बोधविज्ञान म्हणतं, कुणी आकलनविज्ञान. मी आपली कॉग्निटिव्ह सायन्सच म्हणते, पोरांना तेच कळतं. कूळ काही कालपरवाचं नाही. सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एक परिषद भरली होती. ११ तारखेला एकाच दिवशी तिथं ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा कॉम्प्युटर प्रोग्राम मांडला, नोम चॉम्स्की नावाच्या तरुण भाषाशास्त्रज्ञानं व्याकरणाची गणिती मांडणी केली, आणि जॉर्ज मिलर हा मानसशास्त्रज्ञ माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी साधारण सातच गोष्टी मावतात, यावर बोलला. मिलर पुढं तोच दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानायचे. आपण दहा आकडी मोबाइल नंबर सलग सांगत नाही, तुकडे पाडून सांगतो, त्यामागं मिलरचे हे सात आहेत.

इथं पाणिनीचं नाव घेऊन छाती फुगवायची आपल्याकडं पद्धत आहे. मी कामापुरतंच घेते. सुमारे चार हजार सूत्रांत त्यानं अख्ख्या भाषेचे नियम बसवले, आणि त्यातला कर्ता-कर्म-करण हा कारकविचार हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती तंत्रज्ञानाच्या संस्थेतल्या लोकांनी भारतीय भाषांची वाक्यं यंत्राला उलगडून दाखवायला वापरला. आपण शाळेत दोन मार्कांसाठी घोकलेला तो हाच. 'मुलाने पोळी खाल्ली' या वाक्यात खाणारा मुलगा, पण क्रियापद चालतं पोळीच्या मागं. 'मुलाने आंबा खाल्ला' म्हटलं की लगेच बदलतं. आपल्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजीवर वाढलेल्या यंत्राला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला मराठी आतून जाणणारं कुणीतरी लागतं.

आता तुमच्या टेबलावरचं एक उदाहरण देते, कारण आमचे मास्तर लोक उदाहरणं फार लांबची देतात. दुकानात मराठीतून बिलं होत असतील तर 'शेतकऱ्यांची पट्टी' हे शब्द कॉम्प्युटरमध्ये शेकडो वेळा असतील. त्यातला 'ऱ्या' बघा, डोक्यावर रफार नाही, पुढं आडवी रेघ. हा 'ऱ्या' कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळाच ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका पद्धतीनं टाइप केलेलं दुसऱ्या पद्धतीनं शोधायला गेलात की यंत्र म्हणतं, नाही सापडलं. तुम्ही म्हणता, आत्ता तर बघितलं होतं! दोघंही खरंच बोलत असता. आणि सगळ्या ऱ्यांचे साधे र्या करून टाकू म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण मग आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातील. स्वयंपाकी राहिला बाजूला, दक्षिणा भलत्याच्याच हातात. ही गाठ सोडवायला प्रोग्रॅमिंग येणारा हवा, मराठी लिपीची खोड कळणारा हवा, आणि वाचताना माणसाचा डोळा काय बघतो आणि काय गाळतो हे माहीत असणाराही हवा. तीन माणसं तीन खोल्यांत बसवली तर हे काम वर्षभर टोलवाटोलवीत जातं. एकाच डोक्यात असेल तर आठवड्यात होतं.

मनाचा भाग मला घरीच दिसला. मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, तरी जे कळलं ते सासूबाईंमुळं. त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, शब्द येत नव्हता. पाण्याचा तांब्या समोर धरला तर तोंड उघडायच्या, हात हलवायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, पण 'पाणी' हा शब्द काही बाहेर पडायचा नाही. आणि संध्याकाळी दिवा लावला की हरिपाठातले अभंग अडखळल्याशिवाय. 'बे एके बे' म्हटलं की पुढं दहापर्यंत घडाघडा. 'दोन दुणे किती?' असं विचारलं तर मात्र गप्प. पाठ असलेली, ओघानं येणारी भाषा आणि हवा तेव्हा हवा तो शब्द काढून आणणारी भाषा या मेंदूत एकाच कप्प्यात नसतात, हे मी वर्गात खडूनं लिहिलेलं होतं. तांब्या हातात धरून उभी राहिले तेव्हा ते अंगावर आलं. आपल्याकडं मिरजेत कुठून कुठून रुग्ण येतात, मराठी-कानडी दोन्ही बोलणारे कितीतरी. अशा माणसाला झटक्यानंतर कुठल्या भाषेतून बोलतं करायचं, हा तिथल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. तुमच्या लेकीला घरबसल्या दोन भाषा मिळाल्यात, त्याची किंमत तिच्या गुणपत्रिकेत कुठं दिसणार नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खूळ नाही. दुसऱ्याचं उत्तर इतकं सरळ नाही, आणि त्यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक हुशार पोरगा असाच माझ्याकडं आला होता. लांबच्या एका खासगी संस्थेची माहितीपुस्तिका घेऊन. संस्थेचं नाव घेत नाही. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर निळा मेंदू, आत पानोपानी 'न्यूरो', 'डिजिटल', 'माइंड'. मला एवढा आनंद झाला की आपल्या विषयाला असे दिवस आले, मी फार न बघता 'जा' म्हटलं. तिथं दर सत्राला शिकवणारे बदलायचे. प्रोग्रॅमिंगचा तास शनिवारी कुणीतरी बाहेरून येऊन घ्यायचं, तेही आले तर. गणित 'ऐच्छिक' होतं आणि कुणी घेत नाही म्हणून बंद होतं. दोन वर्षांनी पोरगा परत आला आणि बीएस्सीला पहिल्या वर्षापासून बसला. त्याचे वडील मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. गणपतीच्या देवळात समोरासमोर आलो की नुसते हात जोडायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी कोर्सचं नाव वाचतच नाही. नावं हल्ली फार सुंदर असतात. मी सत्रावार विषयांची यादी मागवते आणि त्यात गणित-संख्याशास्त्र किती सक्तीचं आहे ते बघते. मग बघते की तिन्ही विषय एकाच वर्गात भेटतात असा एखादा पेपर आहे का, की सोमवारी मानसशास्त्र, मंगळवारी कोडिंग आणि बुधवारी इंग्रजी संभाषण असा नुसताच वेळापत्रकाचा संगम आहे. शिकवणारे पूर्णवेळ आहेत का आणि त्यांचं स्वतःचं काही काम प्रसिद्ध आहे का, हेही बघते. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रबंध किंवा प्रकल्प करावा लागतो का, हे तर बघतेच. आणि पास झालेल्या दोघा-तिघांशी फोनवर बोलल्याशिवाय पैसे भरू नका. संस्थेनं दिलेल्या नंबरांवर नव्हे, तुम्ही शोधलेल्या.

आता आपल्याकडं काय आहे ते सांगते. बारावीनंतर लगेच, अस्सल म्हणावा असा रस्ता मला एकच ठळक दिसतो, तो हैदराबादच्या आयआयआयटीचा. तिथं पाच वर्षांचा दुहेरी पदवीचा अभ्यासक्रम आहे: कॉम्प्युटर सायन्सचं बीटेक आणि त्यासोबत कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंगानं भाषेच्या अभ्यासात, संशोधनावर आधारलेलं एमएस. याचंच भावंड म्हणजे कॉम्प्युटिंग आणि मानव्यविद्यांची दुहेरी पदवी. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, यूजीईई. तिच्यात एक भाग विषयज्ञानाचा आणि एक संशोधनाचा कल बघणारा, पुढं मुलाखत. त्यामुळं जेईईत मार्क कमी पडले म्हणून हे दार बंद होत नाही. पण खर्चाचं आधीच बघा. पाच वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरलं तर तुमच्या आठ-दहा लाखांत ते बसेल असं समजून चालू नका. शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर बारकाईनं वाचून मगच अर्जाचे पैसे भरा.

हे जमलं नाही तर आकाश कोसळत नाही. माझं स्पष्ट मत विचाराल तर बहुतेक मुलांसाठी दुसराच रस्ता बरा: पहिली पदवी कणा असलेली घ्यावी, आणि हे संगमाचं शिक्षण दुसऱ्या पदवीला. कणा म्हणजे गणित, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर. सांगलीत वालचंदला सीईटीतून कॉम्प्युटरला नंबर लागला तर मेहुणेही खूश आणि लेकीचंही नुकसान नाही. नाही लागला तर चांगल्या कॉलेजात संख्याशास्त्राची किंवा कॉम्प्युटरची बीएस्सी. नव्या शैक्षणिक धोरणामुळं मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो, तिथं मानसशास्त्र किंवा भाषा मिळते का ते विचारायचं. त्यानंतर गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सची दोन वर्षांची एमएस्सी आहे, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आणि अलाहाबाद विद्यापीठात या विषयाची खास केंद्रं आहेत, कानपूरच्या आयआयटीत तर स्वतंत्र विभागच आहे. भाषेचाच ओढा जास्त निघाला तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथल्या भाषाविज्ञान विभागानं मराठीच्या बोलींचं गावोगाव फिरून सर्वेक्षण केलंय. आणि सासूबाईंची गोष्ट वाचून तिला त्या बाजूला जावंसं वाटलं, तर म्हैसूरला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. बोलता न येणाऱ्या माणसाला बोलतं करणं हा तिथं पदवीचा विषय आहे.

नोकरीचं गुळगुळीत बोलणार नाही. 'कॉग्निटिव्ह सायन्सचा पदवीधर पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला पेपरात सहसा दिसणार नाही. लेकीनं तुम्हाला नावं सांगितली असतील: लिंक्डइनचे रीड हॉफमन, याहूच्या प्रमुख झालेल्या मरिसा मेयर, इन्स्टाग्रामचे माइक क्रीगर, सगळे सिम्बॉलिक सिस्टिम्सवाले. नावं खरी आहेत. पण स्टॅनफर्डच्या अंगणात सिलिकॉन व्हॅली आहे, आपल्या अंगणात कुपवाडची एमआयडीसी. कंपनीवाला मुलाखतीत प्रोग्राम लिहायला देणार, आणि तो लिहिता आलाच पाहिजे. भाषा आणि मन हे तिचं वरचं पाऊल. मात्र त्या पावलाला आता जागा आहे, जी माझ्या वेळी नव्हती. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी आणि वाणीसाठी 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांच्या अर्थांचं जाळं विणलंय, 'शब्दबंध' त्याचं नाव. पुण्याच्या एल३क्यूब या गटानं मराठीसाठी भाषेची प्रारूपं, म्हणजे मॉडेलं, आणि मजकुराचे साठे बनवून सगळ्यांना मोकळे केलेत. चॅटजीपीटीसारखी यंत्रं मजकुराचे तुकडे पाडून वाचतात, आणि त्याच आशयाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा मराठी वाक्याचे तुकडे साधारणपणे जास्त पडतात. म्हणजे आपली भाषा त्यांना महाग पडते. हे स्वस्त कसं करायचं, यावर माणसं काम करताहेत. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांतला फरक इंग्रजीच्या एका 'वी'त बुडतो. समोरच्याला सोबत घेतलं की वगळलं, हे भाषांतर करणाऱ्या यंत्राला वाक्याबाहेरून शोधावं लागतं. आपल्यात लग्नाच्या आमंत्रणात एवढी चूक झाली तर पावणे रुसतात.

गणिताकडं येते, कारण खरी गाळणी तिथं आहे. 'गणितात बरी' असं तुम्ही लिहिलंय. बरी म्हणजे मार्क बरे, की गणित सुटलं की बरं वाटतं? बारावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा आहे. मुलं तो 'सोपे मार्क' म्हणून उरकतात. त्यापुढं मॅट्रिक्स, दुसऱ्या भागात संभाव्यता. या तीन धड्यांवर ही डिग्री उभी असते. लेकीला ते धडे उरकायचे वाटतात की त्यात रेंगाळावंसं वाटतं, हे तुम्ही तिच्याशेजारी दोन संध्याकाळी बसलात तरी कळेल. रेंगाळत नसेल, नुसतं भाषेचं प्रेम असेल, तर त्यात काही कमीपणा नाही. मग तिला भाषाविज्ञानाकडं जाऊ द्या, कॉम्प्युटरचा आग्रह धरू नका.

आणि एक परीक्षा घरची. हिला फी नाही. तुमच्या खतावणीत एकच शेतकरी किती नावांनी बसलाय? एकदा 'रामचंद्र बापू पाटील', एकदा 'रा. बा. पाटील', घाईत नुसतं 'रामभाऊ मालगाव'. गावांचं तर विचारू नका, कवठेमहांकाळ हे एक नाव दहाजण दहा तऱ्हांनी लिहितात. तुम्ही मान वर न करताच सांगता, हे सगळे एकच. मालकांची परवानगी काढा, रकमा आणि फोन नंबर गाळून फक्त दोनेकशे नावं-गावं तिला द्या. तिला म्हणावं, यातली कुठली नावं एकाच माणसाची आहेत ते ओळखणारा प्रोग्राम लिही. ती आधी अक्षरांचा फरक मोजेल. किती अक्षरं बदलली, गाळली, घातली की एका नावाचं दुसरं होतं, हे मोजायची रीत लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये मांडली, ती तिला लगेच सापडेल. 'अण्णा' आणि 'आण्णा' झटक्यात जुळतील, ती खूश होईल. मग 'बापू' आणि 'बाबू' पण जुळतील, आणि ते दोघं असतील सख्खे भाऊ. 'रामभाऊ' आणि 'रामचंद्र' जुळणारच नाहीत. तेव्हा ती तुमच्याकडं येईल आणि विचारेल, बाबा, तुम्ही कसं ओळखता? तुम्ही म्हणाल, कळतंय की. ती म्हणेल, 'कळतंय' म्हणजे काय ते सांगा. त्या संध्याकाळी कंटाळून लॅपटॉप मिटला तर एक उत्तर मिळालं. तुम्हाला जेवू न देता विचारत बसली तर दुसरं.

भाषेची चुणूक बघायची तर हे कोडं तिला नको, तुम्हीच सोडवा. पुस्तकी कानडीत 'मने' म्हणजे घर, 'मनेयल्लि' म्हणजे घरात, 'मनेयिंद' म्हणजे घरातून. 'शाले' म्हणजे शाळा. तर 'शाळेतून' याला काय म्हणाल? सुटलं ना? पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाड नावाची शालेय मुलांची स्पर्धा असते, तिथं अशीच कोडी असतात, फक्त कधी न ऐकलेल्या भाषांतली आणि बरीच वाकडी. त्यातून निवडलेली मुलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातात. २०१६ ला ती स्पर्धा म्हैसूरलाच भरली होती. जुने प्रश्न नेटवर फुकट मिळतात. एनपीटीईएल नावाच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानंही फुकट. आणि हे कोडं तुमच्या आईंपुढं टाकलंत तर त्या 'मनेयल्लि' म्हणणारच नाहीत, 'मन्याग' म्हणतील. पुस्तक चूक की आजी चूक, यावर लेकीला भांडू द्या.

आणखी एक. तुमच्या पत्रात मेहुणे आहेत, आई आहेत, दुकानसुद्धा डोकावतं. लेकीची आई कुठंच नाही. तिला विचारलंत का? हैदराबादला पाच वर्षं पोरगी ठेवायची तर डबा, आजारपण आणि रात्रीचे फोन तिच्या वाट्याला येणार आहेत.

आत्ता काय करायचं? सीईटीचा अर्ज भरून टाका, मेहुण्यांना तेवढं पुरे. यूजीईईची तारीख लेकीला शोधायला लावा आणि त्याचा अर्जही भरा. कर्जाच्या कागदावर मात्र निकाल लागेपर्यंत सही करू नका, आणि निळा मेंदू छापलेली पुस्तिका घरात आली तर आधी मला दाखवा. एखाद्या रविवारी तिला यार्डात घेऊन जा आणि त्या सत्तरीच्या माणसाला म्हणावं, पोरीचा हात रुमालाखाली धर आणि भाव सांग. सहा, सात, आठ, नऊ कसे दाखवायचे ते तिनं वहीत उतरवून घ्यायचं. तो उद्योग परीक्षेनंतर. आधी लॉजिकचा धडा होऊ दे.

— तुमची ताई